दुकानाची पाटी आणि उचलीची वही

2005 च्या मार्चअखेरीस विधानसभेत एक लक्षवेधी सूचना आली. मांडणारे होते पनवेलचे शेतकरी कामगार पक्षाचे आमदार विवेक पाटील, आणि विषय होता डान्स बार व त्यांपायी देशोधडीला लागणारी घरे. पनवेल-उरणच्या पट्ट्यात तेव्हा हा विषय गावोगावच्या पारावर होता. सिडकोने घेतलेल्या जमिनीचा पैसा घरात आला आणि पोरांनी तो महामार्गावरच्या लाल-निळ्या दिव्यांखाली उधळला, असे किस्से जो तो सांगत असे. उत्तराला उभे राहिले उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील. त्यांनी बंदीची घोषणा केली. ती आधी मुंबई वगळून उरलेल्या महाराष्ट्रापुरती होती, काही दिवसांतच मुंबईही तिच्यात आली.

दर्शनी धंद्याआडच्या शोषणाविरुद्धचा महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला कायदा असा रायगड जिल्ह्यातल्या तक्रारीतून जन्मला. त्याची पुढची वीस वर्षे मुद्दाम पाहण्यासारखी आहेत, कारण माणसांच्या व्यापाराविरुद्ध कायदा करताना राज्य नेमके कुठे पाहते आणि कुठे पाहायचे विसरते, हे त्यांत उघडे पडते.

सरकारने प्रथम वटहुकूम काढायचे ठरवले. राज्यपाल एस. एम. कृष्णा यांनी त्यावर सही केली नाही. मग जुलैमध्ये मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाले आणि 15 ऑगस्ट 2005 पासून बंदी लागू झाली. कलम 33अ ने परमिट रूम, बिअर बार, खानावळी यांतला नाच बंद केला. त्याला लागूनच 33ब आले. त्याने तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेले, जिमखाने, क्लब यांना सूट दिली. म्हणजे वडखळ नाक्याजवळच्या बारमध्ये जो नाच स्त्रीची विटंबना ठरणार, तोच नाच मुंबईच्या मोठ्या हॉटेलात करमणूक ठरणार!

सरकारचे एक मुख्य म्हणणे असे होते की या बारमध्ये मुली फसवून, विकून आणल्या जातात. बंदी त्यांच्या संरक्षणासाठी आहे. 12 एप्रिल 2006 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला. 16 जुलै 2013 रोजी सरन्यायाधीश अल्तमस कबीर आणि न्यायमूर्ती एस. एस. निज्जर यांच्या सर्वोच्च न्यायालयातील खंडपीठाने तो निर्णय कायम केला. न्यायालयासमोर अभ्यास-अहवाल होते. त्यांतला एक एसएनडीटी विद्यापीठाच्या महिला अभ्यास केंद्राने ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’सोबत 500 बारनर्तिकांशी बोलून केलेला होता. या साहित्यातून बहुतेक जणींना कोणी विकून आणल्याचे दिसत नाही. नातलग, मैत्रिणी, जातीचा परंपरागत नाचण्याचा पेशा यांतून त्या आल्या, असे न्यायालयाला दिसले. मग बंदीने काय साधले? सुमारे 75 हजार स्त्रियांचे काम गेले, असे न्यायालयात मांडले गेले आणि त्यांतल्या अनेकींना पोटासाठी वेश्याव्यवसायाकडे वळावे लागले, हे न्यायालयाने निकालपत्रात नोंदवले. रोगापेक्षा इलाज भयंकर ठरला, अशा अर्थाची टिप्पणीही केली.

राज्याने ऐकले का? जून 2014 मध्ये पुन्हा कायदा आला. न्यायालयाने भेदभावावर बोट ठेवले होते, म्हणून या वेळी तारांकित हॉटेलांची सूटच काढून टाकली. ऑक्टोबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मग 2016 मध्ये हॉटेले, उपाहारगृहे आणि बाररूममधील अश्लील नृत्यावर बंदी घालणारा आणि तेथील स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे संरक्षण करणारा, असे लांबलचक नाव धारण करणारा कायदा. त्यातल्या अटी वाचताना मौज वाटते: शाळा आणि देवळापासून एक किलोमीटरचे अंतर, नाचाच्या जागी सीसीटीव्ही, जिथे नाच तिथे दारू नाही, मंच किती फुटांचा असावा, कठडा किती उंच. 17 जानेवारी 2019 रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री आणि अशोक भूषण यांनी यातल्या बऱ्याच अटी उडवल्या. एक किलोमीटर गेला, कॅमेरे गेले, दारूबंदी गेली. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकराची वेळ राहिली आणि नोटा उधळण्यावरची बंदीही राहिली.

एक अट मात्र न्यायालयाने राखली आणि तिच्याबद्दल वर्तमानपत्रांत फारसे काही आले नाही. नर्तिकेशी लेखी करार करायचा आणि तिचा मोबदला तिच्या बँक खात्यात भरायचा. मासिक पगाराची सक्ती तेवढी रद्द झाली. माझ्या मते त्या सगळ्या कायद्यात माणसांच्या व्यापाराला खरोखर हात घालणारी ओळ ही एवढीच होती. बाकी सगळे फूटपट्टीचे काम.

दरम्यान बारवाल्यांनी पाटी बदलली. ‘डान्स’ गेले, ‘ऑर्केस्ट्रा’ आले. मंचावर चार स्त्रिया आणि चार पुरुष अशी परवान्याची अट होती. 18 फेब्रुवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे लिंगनिहाय बंधनही घटनाबाह्य ठरवले, एकूण आठची मर्यादा तेवढी ठेवली. त्याच्या दोनच महिने आधी, डिसेंबर 2021 मध्ये, अंधेरीतल्या एका बारवर छापा पडला. पोलिसांना आत मुली दिसेनात. कित्येक तासांच्या शोधानंतर मेकअपच्या खोलीतला आरसा फोडला, तेव्हा त्याच्या मागच्या चोरखोलीतून 17 जणी बाहेर आल्या. त्या पोलिसांपासून लपल्या होत्या. ज्यांच्या संरक्षणासाठी कायदा, त्याच कायदा आला की भिंतीत शिरतात. एवढ्यावरूनही कायद्याने कोणती बाजू धरली आहे ते कळावे.

आणि रायगडात? 2 ऑगस्ट 2025 रोजी पनवेलमध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या वर्धापनदिनाची सभा झाली. पाहुणे म्हणून आलेल्या राज ठाकरे यांनी विचारले, शिवाजी महाराजांची राजधानी असलेल्या जिल्ह्यात डान्स बार चालतातच कसे? त्याच रात्री मनसेच्या कार्यकर्त्यांनी पनवेलजवळचा एक बार फोडला. पक्ष तोच, तालुका तोच, प्रश्नही तोच, मधे वीस वर्षे आणि सर्वोच्च न्यायालयाचे चार निर्णय. त्या बारमध्ये कामाला असलेल्यांचा पगार कोण ठेवतो, हे याही वेळी कोणी विचारले नाही.

पाटीकडे पाहायचे, आत राबणाऱ्याच्या पगाराकडे नाही, ही दृष्टी जुनी आहे. 1917 मध्ये मुंबईत डंकन रोडवरच्या कुंटणखान्यात अकुताई नावाची स्त्री मारली गेली. तिने पळून जाण्याचा प्रयत्न केला होता. धरून आणून तिचा अमानुष छळ झाला. खटला चालला, गुन्हेगारांना शिक्षा झाली, शहर हादरले. 1923 चा मुंबई प्रांताचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आला तो या हळहळीच्या मागोमाग. स्वातंत्र्यानंतर 1956 मध्ये साऱ्या देशासाठी एक कायदा झाला, 1986 च्या दुरुस्तीने त्याला अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा हे आजचे नाव मिळाले आणि पोलीस ठाण्यात व बातमीत तो ‘पिटा’ झाला. रस्त्यावरची पाटी एक आणि आतला धंदा दुसरा, अशा लॉज, स्पा, पार्लरवर आजही जी कारवाई होते ती मुख्यतः याच कायद्याखाली.

पिटाची घडण थोडक्यात अशी. कुंटणखाना चालवणाऱ्याला, जाणूनबुजून जागा भाड्याने देणाऱ्या मालकालाही शिक्षा आहे. दुसरीच्या कमाईवर जगणे गुन्हा आहे. शाळा, देऊळ, इस्पितळ अशा ठिकाणांपासून 200 मीटरच्या आत असा धंदा आढळला तर दंडाधिकारी ती जागा सात दिवसांत रिकामी करवू शकतो. झडतीच्या वेळी पंचांत एक तरी स्त्री हवी. पण याच कायद्यात गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल स्त्रीला शिक्षा देणारे कलम 8 आहे, आणि सुटका केलेल्या स्त्रीला संरक्षणगृहात ठेवण्याची तरतूद आहे. सज्ञान स्त्री स्वखुशीने हे काम करीत असेल तर तिला अटक, दंड किंवा छळ करू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 19 मे 2022 रोजी द्यावा लागला.

थोडक्यात, जागा, अंतर, वेळ, कपडे, दिवे. शंभर वर्षे आपण दुकानाच्या दर्शनी भागाशी झटतो आहोत.

भारताच्या संविधानाने मात्र हा विषय वेगळ्या ठिकाणी ठेवला. अनुच्छेद 23 मध्ये माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगारी यांना एकाच वाक्यात मनाई आहे. बारची खोली आणि वीटभट्टीची खोपी घटनाकारांना एकाच गुन्ह्याची दोन ठिकाणे वाटली. रायगडातल्याच पेण-रोह्यातल्या माणसाला हे समजायला घटनातज्ज्ञ लागत नाही. गणपतीच्या मूर्ती आणि रेल्वेचे जंक्शन यांसाठी हे दोन तालुके बाहेर माहीत आहेत, पण दिवाळीनंतर इथल्या कातकरी वाड्या रिकाम्या होतात, हेही इथे सर्वांना ठाऊक आहे. दारांना कडी, अंगणात म्हातारी माणसे, एखादे कुत्रे. बाकीचे ‘भट्टीवर’ गेलेले.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात कातकऱ्यांची संख्या सुमारे 2 लाख 85 हजार होती. रायगड, ठाणे, पालघर हा त्यांचा मुख्य मुलूख. केंद्र सरकारने राज्यातल्या ज्या तीन जमातींना विशेष दुर्बल मानले त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. खैराच्या लाकडाचा काथ काढणारी ही जमात. जंगल सरकारी झाले, काथ गेला, कोळसा पाडणे आणि मजुरी उरली. शेत नाहीच, कित्येक वाड्यांत घराखालची जमीनही दुसऱ्याच्या नावावर. पेणची ‘अंकुर’, रोहा-माणगाव भागातले सर्वहारा जनआंदोलन अशा संघटना वर्षानुवर्षे आधी घराखालच्या जागेसाठी भांडत आल्या, ते उगाच नाही. पायाखालची जागा ज्याची, त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही.

पावसाळ्यात कामे नसतात. गौरी-गणपती तोंडावर येतात, पोर आजारी पडते, कोणाचे लग्न निघते. मुकादम वाडीवर येतो. तो पुष्कळदा परका नसतो. ओळखीचा, कधी नात्यातला असतो. तो उचल देतो. ही उचल म्हणजे बांधणी. पुढच्या हंगामात नवरा-बायकोची जोडी अमुक शेठच्या भट्टीवर जाणार हे त्या दिवशी ठरते. किती दिवस, काय दराने, हे बोलण्यात असते, कागदावर नसते. कागद असलाच तर तो अंगठ्याचा, आणि राहतो शेठकडे.

वीटभट्टीवर दर हजार विटांमागे असतो आणि तो जोडीला मिळून असतो. पहाटेच्या आधी गारा तुडवायचा, विटा पाडायच्या, ऊन आले की पोरांनी त्या उलटवायच्या. बायकोच्या नावाने वेगळा पैसा निघत नाही. पोरांचा तर प्रश्नच नाही. आठवड्याला बाजाराच्या दिवशी तांदूळ-तेल-मिठापुरती खर्ची मिळते. तीही वहीत चढते. अवकाळी पाऊस आला आणि कच्च्या विटा विरघळल्या, तर त्या मोजायच्या की नाही हे शेठ ठरवतो. आजारपणाचे खाडे, दवाखान्याचे पैसे, घरी जायचे भाडे, सगळे वहीत. मे महिन्याच्या शेवटी हिशेब होतो. उचल आणि खर्ची वजा जाऊन काही हातात पडले तर नशीब. नाहीतर ‘अंगावर पैसे निघाले’. अंगावरचे पैसे फेडायला पुढच्या वर्षी तिथेच जायचे.

कोळशाच्या भट्टीचे दुखणे आणखी निराळे, कारण ती दूर असते. वेड्या बाभळीची राने जिथे असतील तिथे, म्हणजे सोलापूर-मराठवाड्यापासून कर्नाटक-गुजरातपर्यंत. झाडे तोडायची, लाकूड रचायचे, पाला आणि मातीने लिंपून आग द्यायची आणि रात्रंदिवस राखण करायची; भट्टीने मधेच पेट घेतला तर कोळशाची राख होते. मजुरी पोत्यावर. आसपास गाव नाही, बोलायला ओळखीचे कोणी नाही, परतीच्या गाडीचे पैसे नाहीत. वहीत काय लिहिले आहे ते वाचता येत नाही. आणि हाच कोळसा पुढे जातो कुठे? हॉटेलच्या तंदूरमध्ये, लाँड्रीच्या इस्त्रीत. भट्टीला पाटी नसते, पण तिचा माल पाटी लावलेल्या दुकानांतच विकला जातो.

यासाठी कायदा आहे आणि तो दणकट आहे. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा, 1976. केंद्राचा असला तरी त्याची सगळी किल्ली राज्याच्या हाती, म्हणजे जिल्हाधिकारी आणि उपविभागीय अधिकाऱ्यांच्या हाती आहे. या कायद्याला साखळदंड लागत नाही. उचलीच्या बदल्यात दुसरीकडे काम करण्याचे, मोकळेपणी फिरण्याचे किंवा बाजारभावाने मजुरी घेण्याचे स्वातंत्र्य यांतले एकही गेले तरी ती वेठबिगारी. कर्ज त्या क्षणी रद्द होते. हे कर्ज वेठीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी देणाऱ्यावर. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. 1982 च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुढे जाऊन म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणे हेसुद्धा अनुच्छेद 23 च्या अर्थाने सक्तीचे श्रम आहेत.

हा कायदा चालवून दाखवला तो शेजारच्या जुन्या ठाणे जिल्ह्याने. लग्नासाठी घेतलेल्या पैशांपायी आयुष्यभर सावकाराकडे राबणाऱ्याला तिथे ‘लग्नगडी’ म्हणत. वसई तालुक्यातल्या दहिसर गावात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी 1982 मध्ये उभी केलेली श्रमजीवी संघटना या लग्नगड्यांना घेऊनच उभी राहिली. पंडित दांपत्याला 1999 मध्ये लंडनच्या ‘अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल’चा पुरस्कार मिळाला, पण त्याआधी मार, खटले आणि बहिष्कार पुष्कळ मिळाले होते.

मग कायदा अडतो कुठे? वेठबिगार ‘ओळखण्यात’. आपल्या तालुक्यात वेठबिगार आहे असे लिहून देणे म्हणजे आपला कारभार चुकला हे कबूल करणे, असे अधिकाऱ्याला वाटते. म्हणून प्रकरण ‘मजुरीच्या वादात’ बसवले जाते. थोडी रक्कम मिळते, टेम्पोत बसवून माणसे घरी धाडली जातात. मुक्ततेचा दाखला मिळत नाही. आणि दाखला नाही तर पुनर्वसन नाही. 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे वाडीतली एक कातकरी मुलगी नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळाकडे राबताना जिवाला मुकली, तेव्हा काहीशे रुपये आणि एका मेंढराच्या बदल्यात पोरे दिली जातात हे राज्याला ‘कळले’. वाडीला ते कधीपासूनच ठाऊक होते.

केंद्राच्या 2016 च्या पुनर्वसन योजनेत एक तरतूद आहे. सुटका झालेल्या प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख, आणि अत्यंत गंभीर प्रकरणांत तीन लाख रुपये. गंभीर म्हणजे कोणती, तर कुंटणखाने, मसाज पार्लर, प्लेसमेंट एजन्सी अशा ठिकाणांहून सोडवलेली स्त्री किंवा मूल. म्हणजे स्पामधून सोडवलेली मुलगी कायद्याने वेठबिगार ठरू शकते, तिचे ‘कर्ज’ रद्द होऊ शकते आणि तीन लाखांवर तिचा हक्क असू शकतो. पिटाच्या छाप्यानंतर किती ठिकाणी कोणी हा दुसरा अर्ज भरते? एकच गुन्हा दोन टेबलांवर वाटला गेला आहे. पोलिसांच्या टेबलावर अनैतिकता, महसूलच्या टेबलावर उचल. योजनेतली मोठी रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे, ही तिची खोट. तातडीची मदत तेवढी, जी आता 30 हजारांपर्यंत आहे, खटल्यासाठी थांबत नाही.

दुकानांचा स्वतःचा कायदा इथे उपयोगी पडेल असे वाटू शकते. पडत नाही. दुकाने व आस्थापना कायदा, म्हणजे आपला गुमास्ता, 2017 मध्ये नव्याने लिहिला गेला तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरेशी ठरली. ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये घेतला. छोट्या दुकानदाराचा त्रास कमी व्हावा हा हेतू रास्त आहे. पण चार खोल्यांचा स्पा किंवा सहा पोरांचे हॉटेल यांच्यावरची उरलीसुरली नजरही त्याने उठते.

गोव्याने वेगळी वाट धरली होती. 2003 च्या गोवा बाल कायद्यात मुलांच्या व्यापाराची व्याख्या आली, देशाच्या दंडविधानात तशी व्याख्या यायच्या दहा वर्षे आधी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या कायद्याने काउंटरवरच्या माणसाला जबाबदार धरले. कुटुंबीयांसोबत नोंद नसेल तर मुलाला हॉटेलच्या खोलीत प्रवेश नाही. लबाडी झाली तर मालक उत्तर देणार. फिल्म धुणाऱ्या स्टुडिओवाल्यालाही मुलांची अश्लील छायाचित्रे आढळल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक केले. त्याच गोव्याने पुढच्याच वर्षी वास्कोच्या बायणा वस्तीवर बुलडोझर फिरवला, हेही खरे. एकाच सरकारात दोन्ही प्रवृत्ती सुखाने नांदतात.

इंग्लंडला जाग आली ती समुद्रकिनारी. 5 फेब्रुवारी 2004 च्या रात्री मोरकॅम्ब बे इथे भरतीत अडकून 23 चिनी मजूर बुडाले. ते शिंपले वेचत होते, आपल्याकडे खाडीत बायका तिसऱ्या वेचतात तसे. फरक एवढाच की त्यांना कर्जात बांधून आणलेले होते आणि भरतीची वेळ सांगायला कोणी नव्हते. त्याच वर्षी तिथे मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. शेती आणि शिंपले वेचण्याच्या कामात मजूर पुरवायचे तर आधी नाव नोंदवा, वेतनाचे कागद दाखवा. विनापरवाना मुकादमाकडून मजूर घेणाराही गुन्हेगार. आधी हे काही क्षेत्रांपुरते होते, पुढे परवाने देणाऱ्या त्याच यंत्रणेला नखे रंगवायची दुकाने आणि गाड्या धुण्याची केंद्रे यांची चौकशी करण्याचे अधिकार मिळाले.

आपल्याला इतक्या दूर जायचेही कारण नाही. मुकादमाला बाजूला सारणारा कायदा महाराष्ट्राने 1969 मध्येच केला आहे. माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून तो आला. त्याआधी हमालांची मजुरी टोळीवाल्याच्या हातून येई आणि येताना झडून येई. कायद्याने माथाडी मंडळे नेमली: मालकाने नोंद करायची, कामगाराने नोंद करायची, मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला द्यायची. टोळीवाल्याची वही संपली. आज त्या क्षेत्रात बोगस संघटनांच्या खंडणीच्या तक्रारी आहेत, पण हमाल उचलीपायी कोणाचा बांधील राहिला नाही, हे कोणी नाकारणार नाही.

हेच वीटभट्टीला का नको? भट्ट्या सापडत नाहीत असे मुळीच नाही. मातीच्या ब्रासमागे स्वामित्वधन वसूल करणाऱ्या तहसील कार्यालयाकडे भट्ट्यांची यादी असतेच. कोळसा हलवायला वनखात्याचा पास लागतो, म्हणजे वनखात्याकडे कागद आहे. परमिट रूमची यादी उत्पादन शुल्क खात्याकडे आहे. माती मोजली जाते, कोळशाची पोती मोजली जातात, दारूच्या बाटल्या मोजल्या जातात. राबणाऱ्या माणसांचा रकाना कुठल्याच नोंदवहीत नाही. तो घालायला नवा कायदाही लागत नाही. परवान्याच्या अर्जात तीन ओळी वाढवा: किती माणसे, कोणामार्फत आणली, मजुरी कोणाच्या खात्यात. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बारसाठी जी अट राखली, तीच भट्टी, हॉटेल, स्पा सगळ्यांना लावा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांत स्थलांतरित मजुराचा विचार आहे, पण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्याचा. रोह्याहून सोलापूरला गेलेला कातकरी त्यात बसत नाही. ही फट राज्यानेच भरायची आहे. विधिमंडळाने 2005 पासून डान्स बारवर खर्च केलेला वेळ पाहता, एक अधिवेशन या कामाला देणे फार होणार नाही.

तोवर आपण ज्या काउंटरवर पैसे देतो तिथे पाहायला हरकत नाही. कामाला असलेला मुलगा रात्री तिथेच झोपतो का, गणपतीला घरी जातो का, त्याचे आधार कार्ड कोणाकडे आहे, एखादी मुलगी स्वतः उत्तर न देता मालकाकडे पाहते का. शंका आली तर मुलांसाठी 1098, स्त्रियांसाठी 181, तातडीला 112. फुकट वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा 15100.

आणि पेण, रोह्यातल्या वाचकांना एक विनंती. 1976 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक उपविभागात दक्षता समिती असायला हवी, तिच्यात अनुसूचित जाती-जमातींचे तीन स्थानिक प्रतिनिधी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते हवेत. तुमच्या उपविभागीय अधिकाऱ्यांना माहितीच्या अधिकारात विचारा: ही समिती आहे का, तिच्यात कोण आहे, गेल्या पाच वर्षांत किती बैठका झाल्या, मुक्ततेचे किती दाखले दिले. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तर द्यायला त्यांना 30 दिवस असतात.